आबांची दोन बोटं

प्रिय निरंजन,

दिग्दर्शक झालास, धाकट्या भावाचं कौतुक आहे. तू पाठवलेला 'श्रमसूर्य गणराज' काल मोशीच्या घरी आईसोबत पाहिला. कॅमेरा नाही, नट नाहीत, सगळं एआयने काढलेलं. तरुण गणराजराव भर उन्हात फावडं मारतात आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. काव्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगितलेत. आकुर्डीच्या वर्गात मी ते दरवर्षी घोकून घेते. त्या चौघांत मजूर पुरवणारा ठेकेदार कुठेच बसत नाही. तू पाचवा घडवलास. आता तुला आचार्य म्हणायला हवं.

गणराजराव इंद्रायणीत उतरतात तेव्हा नदी निळीशार दिसते. तिच्यावरचा फेस आम्ही मोशीकर रोज बघतो, पण ते सोडलं. अतिशयोक्ती हा अलंकार आहे, तेवढी सूट तुला.

मग चाकणच्या कंपनीचं गेट येतं आणि गर्दीतून आपले आबा पुढे येतात. जाऊन अकरा वर्षं झालेला माणूस, इस्त्रीच्या शर्टात! गणराजरावांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणतात, "साहेब, तुमच्यामुळंच आमची चूल पेटली." आवाज हुबेहूब. माझ्या लग्नाच्या कॅसेटमधून उचललास ना? मी समजत होते, कॅसेट तू आठवण म्हणून नेलीस.

आई मोबाईल डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो बाप्या कोण गं? ह्याला धा बोटं हायेत."

ही यंत्रं माणसाला सहावं बोट काढतात असं ऐकून होते. तुझ्या यंत्राने गेलेली दोन परत आणली. वेदात अश्विनीकुमारांनी लढाईत पाय तुटलेल्या विश्पलेला पाय दिला, तोही लोखंडाचा. तू त्यांच्याही पुढे गेलास. पण यंत्राला बोल लावणार नाही. अपघातानंतर आबांनी एकाही फोटोत उजवा हात दिसू दिला नाही. कधी खिशात, कधी उपरण्याखाली, माझ्या लग्नात तर अक्षतांच्या ताटाखाली. यंत्र बिचारं फोटोंवरून शिकलं. तू कशावरून शिकलास, भावा? दहावीत असताना शाळेला निघण्याआधी त्यांच्या डाव्या बाहीचं बटण रोज तूच लावायचास. त्यांना ते उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी जमत नसे, आणि तू दुसरीकडे बघत लावायचास, त्यांना लाज वाटू नये म्हणून. तो मुलगा मला अजून आवडतो.

आबा चालवायचे त्या पॉवर प्रेसवर हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. माल कमी निघतो म्हणून ती कोणी काढायला लावली, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तेव्हा ते 'श्रमसूर्य' नव्हते, नुसते गणराज ठेकेदार होते. आबांचं नाव घालून, 'ज्ञानदेव दारू पिऊन कामावर आला होता', असं इस्पितळात लिहून देणारेही तेच. आपले आबा, ज्यांनी कधी सुपारीसुद्धा चघळली नाही! बोटांचं दुःख त्यांनी पचवलं. त्या एका ओळीचं शेवटपर्यंत पचलं नाही. आणि आता त्यांच्याच तोंडून तू त्या माणसाचे आभार वदवतोस.

आता पत्राचं कारण. रविवारी मैदानावर चित्रपट दाखवण्याआधी वारसांची संमती लागते म्हणून तू कागद पाठवलास, सोबत "ताई, फक्त फॉर्मॅलिटी आहे." सही केली आहे. आधी आईने, खाली मी. वर तिने सांगितलं तसं एक वाक्य लिहिलंय: 'आबांना दाखवायचं तर त्यांच्या हातासकट.' सोबत तो हात दिसणारा एकमेव फोटो आहे, इस्पितळाच्या कागदांतला, पट्टी सोडल्यावरचा. तुझ्या यंत्राला आता हा शिकव, आणि तोच हात गणराजरावांच्या हातात दे. साहेबांना तो चालणार नसेल, तर आबांना काढून टाक. दोन्हींपैकी काय करायचं ते तू ठरव. काही झालं तरी पुढच्या रांगेत आमच्या दोन खुर्च्या ठेव. आई म्हणते, बोटं ती मोजणार आहे.

अजून तरी तुझीच,
विजयश्रीताई