शेवाळ न धरणारं पाणी

गुरुवार, ६ मार्च

नव्या धर्मगुरूने, रब्बीने, आज कुंडातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घेतलं आणि दारात उजेडाला धरून उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "काका, तुम्हाला निळसर दिसतंय का हो?"

माझं कुंड! सिनेगॉगच्या मागच्या उतारावरचा झरा मी शोधला, पाट मी बांधला, फरशी मी बसवली. सांध्यांवरून नख फिरवा — अडकणार नाही. या कुंडात पाणी भांड्याने भरून चालत नाही, ते आपल्या पायांनी चालत यावं लागतं. जिवंत पाणी! बायका महिन्याच्या महिन्याला आणि नवऱ्या मुली लग्नाआधी त्यात बुडी मारून शुद्ध होतात. मला कुणी शिकवलं नाही. ओळंबा आणि धर्मग्रंथ, दोन्ही माझे मी शिकलो.

आणि हा पोरगेला रब्बी, येऊन वर्षसुद्धा झालं नाही!

म्हटलं, "वाडगा निळा असेल."

वाडगा पांढरा होता.

शनिवार, ८ मार्च

तीन तारे दिसले, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस सुटला, मग पेन हातात घेतलं.

रब्बीचं प्रवचन झाडांवर. शहराला वेढा घातला तरी फळझाडावर कुऱ्हाड चालवू नका, असं आमचा तोरा ग्रंथ सांगतो. मग म्हणे, जी आज्ञा शत्रूच्या झाडाला लागू, ती आपल्या ओढ्याला लागू नाही का? पुढच्या बाकावर सिनेगॉगचे अध्यक्ष चष्मा पुसत होते. ओढ्याच्या वरच्या अंगाचा रंगाचा कारखाना त्यांचाच. सगळे त्यांना रंगशेठ म्हणतात, अर्थात पाठीमागे.

बाहेर पडताना माझ्या कानाशी म्हणाले, "रब्बींनी वर बघावं. गटाराकडे बघायला नगरपालिका आहे."

मला हसू आलं. खोटं कशाला लिहू.

रविवार, ९ मार्च

झऱ्याच्या तोंडाशी शेवाळ धरायचंच, कितीही घासा. यंदा टिपूस नाही! दगड कसा आरशासारखा. एवढ्या वर्षांच्या मेहनतीचं फळ. ताईला बोलावून दाखवलं. थोरली बहीण माझी. बायका बुडी मारताना पायरीवर उभी राहून त्यांना हात देते, केसाची बट तरंगली तर पुन्हा बुडवते. नुसतं "हं" म्हणाली.

मंगळवार, ११ मार्च

आज तळाची एक पांढरी फरशी नीट निरखली. आहे निळसर. किंचित. मुद्दाम बघितल्याशिवाय दिसायचं नाही, पण आहे.

रंग बदलला की कुंड बाद! नियम स्पष्ट आहे. लेकीचं लग्न पुढच्या मंगळवारी, बुडी सोमवारी.

ग्रंथ काढून बसलो आणि सापडलं! कुंड एकदा जिवंत पाण्याने पुरतं भरलेलं असलं, की वरून साधं पाणी घालून रंग घालवता येतो. टाकीचं पाणी सोडलं. तासाभरात फरशी दुधासारखी. हे रब्बीलाही सुचलं नव्हतं!

गुरुवार, १३ मार्च

रब्बीला दाखवलं. त्याने ग्रंथ वाचला, पाणी बघितलं, मान डोलावली. "नियमाने शुद्ध आहे. तुमचं बरोबर आहे, काका." मग पायरीवरच बसला. "पण रंग गेला. रंगातलं काय गेलं?"

पाणी तपासायला पाठवलंय म्हणे. निकाल लग्नानंतर येणार. तोवर कुंड बंद ठेवावं असं त्याचं म्हणणं. माझ्या मुलीसाठी वाटसुद्धा काढून ठेवलेली — कारखान्याच्या वर ओढा अजून स्वच्छ आहे, वाहतं झऱ्याचं पाणी चालतं, त्याची बायको आडोसा धरेल.

माझी मुलगी, माझं कुंड सोडून, उघड्या ओढ्यात! लोक काय म्हणतील? सुताराच्या घरी मोडका पाट!

"मी हुकूम करणार नाही," म्हणाला. "या बाबतीत लोक माझ्याआधी तुमचा शब्द मानतात. किल्लीही तुमच्याकडेच आहे. म्हणून मागतोय."

दिली नाही.

बायकोचं रात्रभर तोंड सुरू होतं. "रब्बीने उद्या दुसरं कुलूप ठोकलं तर? मुलगी काय कोरडीच मांडवात उभी करायची?"

शनिवार, १५ मार्च

प्रार्थना संपल्यावर मी उभा राहिलो. सगळ्यांदेखत सांगितलं — पाणी शुद्ध आहे, माझा शब्द आहे. अध्यक्षांनी पाठ थोपटली. लेक बायकांच्या बाजूने बघत होती, चेहरा असा उजळला होता पोरीचा.

ताईने हात पाठीमागे घेतले होते.

रविवार, १६ मार्च

ताईचे हात बघितले. दाखवत नव्हती, मीच ओढून बघितले. बोटांच्या बेचक्यात कातडी फाटलीय. नखांच्या मुळाशी निळी रेघ. दीड महिना झाला म्हणे.

"साबण बाधला असेल."

कुंडात साबण नेत नाहीत. ते मला तिनेच शिकवलं होतं.

"बोलली का नाहीस?"

"तुझ्या कुंडाबद्दल तुझ्याशी कोण बोलणार, बाबा!"

सोमवार, १७ मार्च

सकाळी झऱ्यापासून ओढ्याच्या कडेकडेने वर चढलो. इतक्या वर्षांत कारखान्याच्या मागे कधी गेलो नव्हतो. झरा माझ्या दारात येतो, तो कुठून येतो ते कशाला बघायचं!

भिंतीखालून एक पाइप निघतो. खाली खड्डा. पाणी निळं. कडेचा चिखल तांबडा, त्याखाली हिरवा — ज्या दिवशी जो रंग, तसे थर. खड्ड्याला दुसरी वाट नाही; पाणी जिरतं ते माझ्या झऱ्याकडे. काठावरची झुडपं वाळून काटक्या झालेली. बेडूक नाही, डास नाही. असल्या घाणीवर डास नाही!

मग ते शेवाळ आठवलं. मी घासून घालवलं नव्हतं. त्या पाण्यात ते राहायलाच तयार नव्हतं.

थेट रब्बींच्या घरी गेलो, किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, माझा शब्द मागे घेतो, उद्या लग्नातच सगळ्यांना सांगतो. आणि आज संध्याकाळी मुलीला तुमच्या ओढ्यावर घेऊन जा.

"मी सांगतच होतो" असं ते म्हणाले नाहीत. खुर्ची पुढे सरकवली आणि पाणी दिलं. "काका, मला एकट्याला हे जमलं नसतं." मला मान वर करवेना.

सोमवार, संध्याकाळ

लेकीला म्हटलं, आवर, ओढ्यावर जायचंय.

ती आईकडे बघायला लागली. आई चुलीकडे.

"बाबा, मी शनिवारीच उतरले. शब्बाथ सुटल्यावर. आईनेच तुमची किल्ली घेतली, पायरीवरही तीच उभी राहिली. म्हणाली, दुसरं कुलूप पडायच्या आत उरकून घेऊ." मग हसली. "तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत ना, शुद्ध आहे म्हणून. मग मी तीनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून. तुमच्या फरशा बघायच्या होत्या."

म्हटलं, हात पुढे कर.

तिने केले नाहीत. ताईसारखे पाठीमागे घेतले.