सगळ्यांनाच वाघ व्हायचंय

३ सप्टेंबर

वाघ, वाघ, वाघ! जंगलाची परिसंस्था शिकवायची म्हणून सातवी ‘ब’ला खेळ दिला – प्रत्येकाने जंगलातलं काहीतरी व्हायचं आणि कोण कोणाला खातं तशी दोरी धरायची. अख्खा वर्ग वाघ! गवत व्हायला कोणी तयार नाही. म्हटलं, “अरे, हरणंच नसतील तर वाघ खाणार काय?” मागच्या बाकावरून आवाज – “बाईंना!” हशा. आवाज माझ्याच पोटच्या पोरीचा.

४ सप्टेंबर

काल घरी तिला धारेवर धरलं. “आई आहे मी तुझी, कळतं का?” तर म्हणते, “शाळेत बाई म्हणायचं, हा नियम तुझाच.” उलट उत्तरं बरी सुचतात! ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता – “मायलेकींच्या भांडणात मी पडत नाही.” छान!

७ सप्टेंबर

मुख्याध्यापिकाबाईंना जंगल थर्माकोलचं हवंय. तपासणीला दाखवायला! “पानं जरा हिरवीगार रंगवा.” म्हटलं, खरं रान शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे नेऊ द्या. खूप डोकं खाल्लं, तेव्हा कुठे “बरं, पण जबाबदारी तुमची” एवढं पदरात पडलं.

११ सप्टेंबर

नेलं एकदाचं. घसा बसलाय. पोरांच्या आरडाओरड्यापुढे एक पाखरू थांबेल तर शपथ. वर “बाई, इथे काहीच नाही!”

निघताना मोजलं तर एक कमी. कोण? आमचंच रत्न! हाका मारत सुटले. शेवटी दिसली – एका आडव्या पडलेल्या, कुजक्या खोडाशी पालथी. गुडघे चिखलाने माखलेले. साल उचकटून आत बघत होती. वाळवी, अळ्या, पांढऱ्या धाग्यांची बुरशी.

“आई, बघ ना! मेलेल्या झाडात किती जण राहतात!”

हेच तर मी आठवडाभर घसा फोडून सांगत होते. पण डोकं असं फिरलं होतं! सगळ्यांसमोर खेकसले, “आधी रांगेत उभी राहा. आणि बाई म्हण!”

तोंड एवढंसं झालं तिचं.

१२ सप्टेंबर

बोलत नाही. जेवली नाही धड. राहू दे. दर वेळी मीच का नमतं घ्यायचं?

१४ सप्टेंबर

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. वाटलं, सहलीवरून झापणार. तर लेक त्यांच्याकडे जाऊन आली होती. तुकडी बदलून मागत होती.

मी उसळलेच – “माझी तक्रार केली?”

“तक्रार नाही हो. म्हणाली, बाई छान शिकवतात. पण यंदा घरीसुद्धा बाईच येतात. आई येत नाही.”

बदलून द्या म्हटलं.