हातावरचं दही

२ फेब्रुवारी, रविवार

पोहोचले. मुंबईहून टॅक्सीने चार तास लागले, पण घाट बघण्यात ते कळले नाहीत. बिबवेवाडीतली ही सोसायटी चार मजली आहे, आम्ही तिसऱ्यावर. लिफ्ट आहे, पण रविवारी ती चालत नाही. तिलाही सुट्टी हवी, असं वैजनाथकाकांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. माझी बॅग मात्र स्वतः वर आणली. शर्मिलाकाकूंनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आजीच्या बोलण्यात हा शब्द असायचा, प्रत्यक्ष आज पाहिला. आधी हसू आलं, मग डोळे भरले.

मॉरिशसच्या मराठी शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण उद्यापासून, दोन आठवडे. राहण्याची सोय संस्थेने या घरी केली आहे. माझी खोली गॅलरीकडची. धुतलेली चादर, टेबलावर तांब्या-भांडं, खिडकीखाली इस्त्रीवाल्याची गाडी.

घरी फोन केला. आमोद म्हणाला, मुक्ताई रडली नाही. सहा वर्षांची आहे. तिला सांगून आले आहे, चौदा झोपा, मग आई.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्ग चांगले चालले आहेत. माझे उच्चार ऐकून बाकीचे शिक्षक हसतात, पण प्रेमाने. काल बुधवार पेठेतून मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं घेतली. दुकानदाराने विचारलं, घ्यायची आहेत की वाचून इथेच ठेवणार? इथे असंच बोलतात.

काका-काकू मूळचे परळीकडचे. काका चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. मुलगी अपेक्षा जर्मनीत असते, अकरा वर्षं झाली. पुण्यात येते, पण हॉटेलात उतरते. खाली फाटकाशी उभी राहून फोन करते, काकू गॅलरीतून बोलतात. वर येत नाही. काका हे सांगत होते तेव्हा पेपरमधून डोळे वर केले नाहीत. मी कारण विचारलं नाही. भांडण कुठल्या घरात नसतं.

घरात आणखी एक जण आहे, नम्रता. तिशीची असेल. दिवसभर भाजी निवडते, कपड्यांच्या घड्या घालते, फारसं बोलत नाही. मी तिला सून समजले होते. विचारलं तर काकू म्हणाल्या, आपलीच आहे.

काकू रोज संध्याकाळी दगडीत, म्हणजे दगडाच्या भांड्यात, विरजण लावतात. विरजण त्यांच्या आईच्या घरचं, चाळीस वर्षं मोडलेलं नाही. घराला बारीक आंबूस वास आहे. आता मला तो जाणवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटेची टॅक्सी. काकूंनी ओटी भरली, देवापुढे उभं केलं आणि उजव्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. प्रवासाला निघणाऱ्याला देतात, म्हणजे तो सुखरूप परत येतो. आमच्या घरात ही चाल आजीने बंद केली होती. जहाजातून मॉरिशसला आलेल्या माणसांना परतीचं जहाज नव्हतं, मग दही कशाला? आणि ती म्हणायची, ज्या घरचं दही घेतलं त्या घरी यावंच लागतं. पण पहाटे चारला उठून माझ्यासाठी आंघोळ करून उभ्या राहिलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? चाटून टाकलं. गोड होतं.

लोणावळ्याला मेसेज आला. मॉरिशसवर चक्रीवादळ, विमानतळ बंद, चार दिवस तरी उड्डाण नाही. मुंबईत चार दिवस एकटी कुठे राहणार? काकूंनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, की टॅक्सी वळव. काका दारातच होते. म्हणाले, अहो, एवढ्यात? आम्ही तुमची आठवण काढायला सुरुवातसुद्धा केली नव्हती.

बॅग पुन्हा उघडली. मुक्ताईला फोनवर नवा आकडा सांगितला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तिकडे शाळा बंद, वीज जाते-येते. मुक्ताई कंटाळली आहे. आज व्हिडिओवर रडायला लागली तेव्हा काकूंनी फोन घेतला. म्हणाल्या, बाळ, हात पुढे कर, आजी दही देते, मग तू येशील ना माझ्याकडे? मुक्ताई धावत गेली, फ्रिजमधलं दही स्वतःच्या हातावर घेऊन आली. काकूंनी इकडे पडद्यासमोर चमचा धरला. तिने तिकडे चाटलं. आम्ही सगळे हसलो.

नम्रता सुरी ठेवून आत गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा निघाले. पुन्हा ओटी, पुन्हा दही. विमानतळापर्यंत पोहोचले, सहा तास बसले. पहिल्या वादळामागून दुसरं आलं होतं. रात्री परत. काकूंनी पिठलं-भात वाढला. मी येणार हे त्यांना ठाऊक होतं का, असं वाटून गेलं, कारण ताट आधीच मांडलेलं होतं.

थकले आहे. काकूंच्या माहेरवाशिणीसारखी झोपले, असं काका सकाळी म्हणतील.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उजवा तळहात गार राहतो. साबणाने धुतला. वास जात नाही.

दुपारी एक ते चार हे घर झोपतं, सोसायटीही झोपते. नम्रता माझ्या खोलीत आली, खाली बसली आणि पहिल्यांदा नीट बोलली. तिचं मराठी माझ्यासारखं, शिकलेलं. ती लंडनजवळची. सहा आठवड्यांच्या अभ्यासासाठी आली होती. निघाली त्या दिवशी धुकं होतं. पुढच्या वेळी पाऊस. तिसऱ्या वेळी टॅक्सी बंद पडली. चौथ्या वेळी तिने बॅग घेतलीच नाही. याला चार वर्षं झाली.

मी विचारलं, घरचे शोधत नाहीत? ती म्हणाली, आधी रोज फोन यायचे. मग मीच सांगितलं, नका करू, मला थकायला होतं.

काकू वाईट नाहीत, हे तिने दोनदा सांगितलं. अपेक्षा निघाली तेव्हा खाली टॅक्सी हॉर्न देत होती, दोन्ही हातांत सामान होतं. हात चिकट होईल म्हणाली आणि दही न घेता गेली. तेव्हापासून तिला जिना चढता येत नाही. आधी दुसऱ्या मजल्यापर्यंत यायची, मग पाय थांबायचे. काकू वरून ऐकायच्या. आता ती फाटकाशीच थांबते. त्यानंतर त्यांनी या घरातून कुणाला कोरड्या हाताने जाऊ दिलं नाही.

मी म्हटलं, म्हणजे न घेता निघाले तर सुटेन.

नम्रता म्हणाली, हो. पण मग इथे काही विसरू नकोस.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज मूठ मिटून उभी राहिले. काकू हसल्या. एकेक बोट उघडलं, लहान मुलाचं उघडतात तसं. नाही म्हणता आलं नाही. अजूनही नाही.

घाटात दरड. सहा तास गाडीत. परत.

आमोदचे दोन दिवस मोजकेच मेसेज. नेटवर्क नसेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दोन. काका घोरत होते. बॅग नाही, फक्त पर्स, पासपोर्ट, ही वही. नम्रताने कडी काढून दिली. जिना उतरताना पाय हलके होते. इस्त्रीवालासुद्धा गाडीखाली झोपला होता.

आता टॅक्सीत. घाट मोकळा. ऊन. तिकडे आकाश स्वच्छ, विमान वेळेवर. तळहात कोरडा आहे. गरम आहे. किती दिवसांनी.

काकूंना सांगून निघाले नाही, याचं वाईट वाटतं. वाटू दे.

२६, रात्री. विमानतळ

आमोदचा फोन. आवाजात हसू. म्हणाला, आता कुठेही जाऊ नकोस, आम्हीच येतोय. पोर ऐकेना. खाणं सोडलं होतं, रोज हात दाखवायची, म्हणायची आजीकडे जायचंय. व्हिसा झाला. पहिलं विमान सुटलं त्यात बसले. मुंबईत उतरून दोन तास झाले. मी पुण्यात असेन म्हणून टॅक्सी करून पुढे निघाले आहेत. पनवेल गेलं.

म्हटलं, वळवा. तो म्हणाला, वळवायला बघतोय, पण मुक्ताई किंचाळते. श्वास कोंडतो तिचा. पुण्याकडे तोंड केलं की गप्प होते.

ते दही. तिने घेतलं होतं—

माझं विमान पुकारत आहेत.

२७, पहाट

जिन्यावर. दुसरा मजला आणि तिसरा यांच्यामध्ये.

पाय पुढे जात नाहीत. दुखत नाहीत. फक्त जात नाहीत. लिफ्टने पाहिलं, ती दुसऱ्यावर थांबते. बसून चढून पाहिलं.

वर दार उघडं. दिवा. मुक्ताईचं हसणं. आमोद दोनदा खाली आला. आधी समजावलं, मग रागावला. त्याला कसं सांगू. मी म्हटलं, तिला उचलून आण. त्याने आणली. दाराबाहेर आली की ती निळी पडते—

त्याने परत आत नेली.

काका कठड्याशी आले. या वेळी थट्टा नाही. म्हणाले, तुम्ही सुटलात, तुम्ही जा, आम्ही तिला नीट सांभाळू.

मी मोकळी आहे. रात्री दहाला दुसरं विमान आहे.

वर ताटं मांडल्याचा आवाज. नम्रता मोजून मांडते. माझं नाही.

काकू उतरताहेत. एकेक पायरी. गुडघे दुखतात त्यांचे. हातात वाटी. माझ्या वरच्या पायरीवर बसल्या. या वेळी बोटं उघडत नाहीत. वाट बघताहेत, मी मागेन म्हणून—

मुक्ताई वरून हाक मारते आहे. आई, ये ना.

काकू, द्या.

उजवाच हात लागतो, त्यासाठी पेन खाली