विस्तवाच्या मडक्याची परवानगी

मी, विश्वंभर गोविंद सिरसमकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा अर्जनवीस, राहणार हिंगोली, तहसील कचेरीमागची गल्ली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही; डॉक्टर म्हणतात, होळी पाहाल की नाही सांगता येत नाही. मला कोणी नशा दिलेली नाही की धाक घातलेला नाही. धाक घालायला घरात माणूस तर पाहिजे!

सारी उमर मी कचेरीच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहिले. निजाम सरकारात भजनाला परवानगी, वरातीला परवानगी, तालमीला परवानगी. कागदात फट राहिली की गरीब माणूस त्यात लटकतो, हे मी रोज पाहिले. सबब या कागदात मी फट ठेवणार नाही.

कलम १. माझे दोन खणांचे माळवदाचे घर माझा एकुलता एक मुलगा राधाकृष्ण याला मिळावे. तो याच गावात, तीन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहतो आणि या घरात येत नाही. तरी घर त्याचेच. मागची खोली मात्र पारुबाईची, ती जिवंत आहे तोवर. गावाने मला वाळीत टाकले तेव्हा माझी भाकरी थापायला ती एकटी येत राहिली. मी म्हटले, "पारुबाई, लोकं तुला नावं ठेवतील." ती म्हणाली, "ठेवू द्या की. लोकं काय माझी चूल पेटवून राहिले व्हय?" तिला उठवील त्याचे भले होणार नाही.

कलम २. वाळीत का टाकले, तेही लिहितो, नाहीतर मागून लोक काहीबाही जोडतील. सन १९४६ मध्ये सरकारने सुधारणा आणल्या. तालुक्याच्या मंडळावर रयतेने मेंबर निवडावेत, पण शेवटचा शब्द अधिकाऱ्याचा. चळवळीतल्या मंडळींनी सांगितले, पूर्ण जबाबदार राज्य द्या, हा तुकडा नको, कोणी उभे राहू नका. मला वाटले, दार किलकिले झाले आहे, पाय तर घालून ठेवावा. मी उभा राहिलो. दुसरा कोणी नव्हताच, म्हणून निवडून आलो. त्या दिवसापासून न्हावी येईना, ओट्यावर कोणी टेकेना. राधाकृष्ण भर बाजारात म्हणाला, "त्या मेंबराचं अन् माझं काही नातं नाही." आणि पैनगंगा उतरून पलीकडे वऱ्हाडात, चळवळीच्या कँपात गेला.

मंडळात मी एकच सवाल केला. भजनाला परवानगी काहून लागते? मंडळावरचे अधिकारी साहेब मोठ्या अदबीने म्हणाले, "सिरसमकर साहब, मुल्क नाज़ुक दौर में है. पहले अमन, फिर इख़्तियार." म्हणजे आधी शांतता, मग तुमचा हक्क. पुढे रझाकार आले आणि तो सवाल केला म्हणून माझी दोन बोटे मोडून गेले. गावाने त्यावरही म्हटले, सरकारचा माणूस, घरचंच भांडण असेल. घ्या आता!

कलम ३. शेजारी माणिकराव यांनी त्या संक्रांतीला आमचा तिळगूळ ताटासकट परत पाठवला. त्यांना माझ्या मिळकतीतून काडीही देऊ नये. तिळगूळ तेवढा दर साली पाठवावा. परत आला तर पारुबाईने खावा.

कलम ४. माझी पत्नी कै. नर्मदाबाई हिची पुतळ्यांची माळ माझ्या सुनेला द्यावी. तिचे नाव कालिंदी आहे असे ऐकतो. मी तिला एकदाच, आठवडी बाजारात, पाठमोरी पाहिले. हाक मारावी असे फार वाटले. पण मुलाला कळले असते तर तिला बोलणी बसली असती, म्हणून मारली नाही.

नर्मदा गेली ती वाळीच्या साली. राधाकृष्णावर वॉरंट होते, तो नदी ओलांडता तर धरला जाता. त्याबद्दल मी त्याला कधी दोष दिला नाही. पण खांद्याला माणसे मिळाली नाहीत. पेमा लाकूडवाल्याच्या बैलगाडीत घालून तिला कयाधूवर नेले. विस्तवाचे मडके मीच धरून पुढे चाललो. मागे बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. पेमाने त्या अर्ध्या वाटेत काढून ठेवल्या. ते मी विसरलेलो नाही.

कलम ५. माझी लिहिण्याची उतरती पेटी, दौत व कलमा शेख मदार शाईवाले यांना. फौज येऊन निजामशाही गेली, तेव्हा त्यांच्या दुकानाची कवाडे कोणीतरी उपटून नेली. भला माणूस सप्टेंबरपासून उजेडी बाहेर पडत नाही. माझ्या उर्दूलाही आता गिऱ्हाईक नाही. आम्ही दोघे त्यांच्या मागच्या पडवीत बसतो आणि चहा पितो. पारुबाई सोडली तर माझ्याशी रोज बोलणारा गावात तो एकच.

कलम ६. नव्या राज्यातही पाच माणसांनी जमायचे तर परवानगी लागते. अर्जावर शिफारस करायला गावात शांतता समिती आहे, आणि तिचा चिटणीस माझा मुलगा आहे. मागच्या महिन्यात काही शेतकरी माझ्याकडे आले. आम्हाला मत कधी मिळणार, हे विचारायला सभा भरवायची म्हणाले. मी अर्ज लिहून दिला. उत्तर राधाकृष्णाच्या अक्षरात आले: "परिस्थिती नाजूक आहे. आधी शांतता, मग हक्क. धीर धरावा."

मी हसलो, मग छातीत कळ आली. तेच वाक्य, फक्त मराठीत. हे मी त्याला हिणवायला लिहीत नाही. लुटारू अजून रानात आहेत, बंदुका सापडताहेत, मदारसारखी माणसे दाराला अडसर घालून बसली आहेत. भीती खोटी नाही. पण साहेबांची तरी कुठे खोटी होती? ते ज्या कँपांना भीत होते, त्यातल्या एकात माझाच पोरगा होता. भीती प्रत्येक राज्याला असतेच, आणि ज्याला भ्यायचे तो बहुतेक कोणाचा तरी मुलगा असतो. राधाकृष्णा, तुझ्या खुर्चीवर मी असतो तर मीही कदाचित हेच लिहिले असते. फक्त खाली तारीख घातली असती, की अमुक दिवसापर्यंत धीर धरा. बिनतारखेचा धीर कोणाला मागू नये बाबा.

कलम ७. माझे मयत. बैलगाडी नको. मला खांदा पाहिजे. शेख मदार, पेमा, बाबूसिंग चपराशी आणि उत्तमराव, ज्यांच्या वरातीचा अर्ज मी लिहिला होता, हे चौघे कबूल झाले आहेत. मदार म्हणाले, "तुमच्यासाठी निघतो भाई, दिवसाढवळ्या निघतो." भटजींनी तोंड वाकडे केले तर त्यांनी स्वतः खांदा लावावा.

चौघांपर्यंत कायद्याची हरकत नाही. विस्तवाचे मडके धरून पुढे चालणारा पाचवा होतो. मी कचेरीत जाऊन विचारले. कारकून म्हणाला, "हुकुमात मयताला सूट लिहिलेली न्हाई काका."

"आणि बिगर परवान्याचं नेलं तर?"

"तर धरतेल."

"कोणाला? मयताला?"

तो हसला, पण सूट काही लिहून देईना.

तेव्हा मडके धरण्यासाठी परवानगीचा अर्ज मीच लिहून सोबत जोडला आहे. माझा शेवटचा अर्ज, आणि पहिल्यांदाच मराठीत. मोडक्या बोटांमुळे अक्षर वाकडे आहे, माफी असावी. अर्ज मंजूर झाला नाही, किंवा कोणी केलाच नाही, तर मडके पेमाच्या हाती द्यावे, खांदा तिघांनीच द्यावा, आणि चौथी बाजू जशी जमेल तशी सांभाळावी. भाड्याचा माणूस आणू नये.

मला एकटे राहण्याची सवय झाली, असे लोकांना सांगतो. ते खोटे आहे. सवय झाली नाही.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही केली.

ठिकाण हिंगोली, रविवार, ता. १२ डिसेंबर १९४८.

(सही) विश्वंभर गोविंद सिरसमकर

साक्षीदार:
१. शेख मदार, शाईवाले (सही उर्दूत)
२. बाबूसिंग, चपराशी (डाव्या अंगठ्याची निशाणी)

सोबत अर्ज एक:

मेहेरबान चिटणीस साहेब, शांतता समिती, हिंगोली, यांचे सेवेशी. अर्ज करतो की, विश्वंभर गोविंद सिरसमकर मयत झाले असून त्यांना कयाधूकाठी नेताना पाच इसम एकत्र चालणार आहेत. पाचवा इसम मी स्वतः. हातात विस्तव असेल, परंतु त्यापासून राज्याला धोका नाही. परवानगी मिळावी.

अर्जदाराचे नाव: राधाकृष्ण विश्वंभर सिरसमकर

मयताशी नाते (अर्जदाराने स्वहस्ते लिहावे): ....................