सुरात मागितलेलं पाणी

३ नोव्हेंबर
ह्यांना दवाखान्यातून बरखेड्याच्या, कारखान्याच्या क्वार्टरवर आणलं. पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेलीय. चालतात, सगळं समजतं, शब्द तेवढा फुटत नाही. पाणी हवं असलं की "त… त…" करतात आणि स्वतःवरच चिडतात. आज पेला फेकला. ज्यांच्या एका हाकेवर कारखान्यातलं सबंध शॉप हलायचं, ते…

७ नोव्हें.
केतकी आली. कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवते ना, तेच सुरू. म्हणे माणूस बोलायच्या आधी गुणगुणत असावा, असं काहींना वाटतं. आई लेकराशी, टोळीतले एकमेकांशी. सूर आधीचा, शब्द नंतरचा. बाबांना गाऊन बघू दे. मला राग आला. म्हटलं, "तुझे बाबा आदिमानव नाहीत." नंतर मलाच वाईट वाटलं. पोरगी बापासाठीच…

८ नोव्हें.
संध्याकाळी आरती म्हणत होते. मागून ह्यांचा आवाज. शब्दांसकट, कुठेही न अडता. मी वळले नाही. वळले तर थांबतील, ही भीती. तशीच निरांजन ओवाळत राहिले.

१५ नोव्हें.
केतकीने त्या आरतीच्याच चालीवर "पाणी दे" बसवलंय. बापलेक टेबलावर ताल धरून घोकतात. आज जेवताना ह्यांनी गाऊन पाणी मागितलं! पण दूधवाल्याची घंटी वाजली तसे आत निघून गेले. परक्यासमोर नाही. केतकीला म्हटलं, तुझं शास्त्र खरं असेल गं, पण ह्यांना लाज वाटते त्याचं काय?

२१ नोव्हें.
तिवारीजी आले. ह्यांच्या शॉपचे फोरमन. बराच वेळ एकटेच बोलले, मंडीदीपला नोकरीला लागलेल्या भाच्याबद्दल, कँटीनबद्दल. हे खाली मान घालून. ते जायला उठले आणि ह्यांनी एकदम त्याच चालीवर, "बैठो ना, चाय पी के जाना."
मी ओट्याशी जागच्या जागी. तिवारीजी जरा थबकले, परत बसले, आणि तस्सेच गाऊन म्हणाले, "शक्कर कम डालना, भाभीजी."
हे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा.

२९ नोव्हें.
डॉक्टर म्हणतात, साधं बोलणं परत येईल की नाही, सांगता येत नाही.
सकाळी मेथी निवडत होते. हे समोर येऊन बसले. चाल नाही, ताल नाही. नुसतं, "सु…"
माझं नाव, सुमन, म्हणायचं होतं. 'म'साठी ओठ मिटले, ते तसेच राहिले. मी जुडी बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे बघत बसले.