पुलापलीकडे काय आहे

अण्णा,

तुमची उजवी बाजू लुळी पडली त्या वर्षी मी मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीला परत आले. आई आधीच गेलेली, भाऊ परदेशात. पेज, औषधं, तुमची कूस बदलणं, आणि खिडकीतून दिसणारा कुंपणाचा तोच काळा दगडी गडगा. संध्याकाळी फाटकापर्यंत गेले तरी तुमची हाक यायची. भावाने तिकडून एका खेळाची पेटी पाठवली, सोबत त्याच खेळाच्या जगात घडणारी चार इंग्रजी पुस्तकं. खेळ असा, एकाने ते जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन बोलायचं, लढायचं, अडेल तिथे फासे टाकायचे. मला बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून समोरच्या कॉम्प्युटर क्लासला येणाऱ्या तिघी मुलींना मी घरीच बोलावलं.

"फासे? ह्या घरात?" तुम्ही पलंगावरून ओरडलात.

"मग मी दिवसभर करू काय ह्या घरात?" मीही ओरडले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

खेळाआधी त्या जगाची ओळख व्हावी म्हणून मी मुलींना सगळ्यांत जाड कादंबरी दिली. राजे, युद्धं, आणि सगळ्यांना तारणारा एक वीर. वाचून आल्या त्या पडेल चेहऱ्याने. मोठी म्हणाली, "ताई, ह्याने सगळंच करून टाकलंय. आम्ही काय करायचं आता?" त्या गेल्यावर मी पुस्तकं पेटीत कोंबत होते, तेव्हा तुम्ही जड जिभेने म्हणालात, "वाच. बघू."

मग, अजून दिसतं मला, रोज दुपारी मी वाचते आहे, इंग्रजीचं मराठी करत करत, आणि तुम्ही डोळे मिटून ऐकता आहात. युद्धाच्या पानांवर चक्क घोरता. पण एका पातळ पुस्तकातल्या गोष्टीला डोळे उघडता. पुलावर जकात घेणारी एक म्हातारी. पलीकडून येणारे लोक तिला काहीबाही सांगतात, ती स्वतः कधीच पूल ओलांडत नाही. गोष्ट संपते आणि तुम्ही म्हणता, "अगो, ही दे त्या मुलींना."

"हिच्यात तर काहीच घडत नाही."

"पलीकडे काय आहे ते लिहिलेलं नाही ना? मग त्यांनाच जावंसं वाटेल."

तसंच झालं. तिघी आल्या त्या पलीकडचंच विचारत आल्या. खेळ तुमच्या पलंगाशेजारी मांडला, फासे टाकायला तुम्ही डावा हात पुढे करायचात. एकदा तुमचे फासे असे काही पडले की मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि तुम्ही लाजलात. त्या गेल्या की पुन्हा पेज, औषधं, आणि दाराला कडी.

तुम्ही गेल्यानंतर त्यांतल्या मोठीने पुण्याहून फोन केला. "ताई, या आता इकडे. खोली आहे, काम पण बघून ठेवलंय."

"आंब्याची कलमं कोण बघणार गं?" मी म्हटलं.

कलमं तर आपण केव्हाच कराराने दुसऱ्याला दिलेली. आळीत बायका म्हणतात, बापापायी हिने आयुष्य घालवलं. मी मान खाली घालून ऐकून घेते. हे पत्र कुठे टाकायचंच नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मला तुम्ही अडकवलं नव्हतंत, अण्णा. तुम्ही होतात तोवर तसं म्हणता तरी येत होतं.