भातात पेताय नको म्हणालात

मास सुगेंग,

नमाजाहून आलात की भाताच्या पुड्या शोधू नका, त्या मी घेऊन धबधब्यावर पुढे गेले आहे. कोंबड्या तेवढ्या सोडा.

काल म्हणालात, "मी आणि ताऱ्यो दोघंच जाऊन येतो. दोघांपुरता भात बांध, पण पेताय घालू नकोस, तोंडाला वास येतो." भात मी बांधला. पण पेतायच्या शेंगेतले दाणे चावल्याशिवाय तुमच्या त्या मित्राला, ताऱ्योला, घास उतरत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आणि तुमच्या तोंडाचा वास घ्यायला धबधबा का जवळ येणार आहे?

जळवा लागू नयेत म्हणून तुम्ही मोज्यांच्या दोन जोड्या तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळत घातल्यात. त्यातली एक माझ्याही पायात शिरत नाही. ताऱ्योचे पाय कधी आटले हो?

त्या धबधब्यावर जोडीने गेलं की जोडी तुटते, म्हणून लग्न झाल्यापासून तुम्ही मला तिथे एकदाही नेलं नाहीत. मला वाटायचं, माणसाचा केवढा जीव आहे आपल्यावर! आज एकटीच जाते आहे. एकटीला कसली भीती?

दोन्ही पुड्यांत पेताय ठासून भरलाय. ताऱ्योला आणलंत तर तिघं मिळून जेवू. दुसरं कुणी असेल तरी खुशाल या. तिथे जोडी तुटतेच म्हणतात. कोणती, ते वर बघू.

वार्तिनी